पात्याचा आवाज

जोतीराम मिस्त्रींचं मशीन गेलं त्याला आता चार महिने होतील. टेम्पोत चढवायला पाच माणसं लागली आणि त्यातल्या एकाची कंबर धरली. मी आमच्या मागच्या अंगणात उभा राहून भिंतीवरून बघत होतो. हात लावायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

नेरूळला सिडकोच्या रो-हाउसमध्ये आम्ही शेजारी. एक भिंत सामाईक, मागची अंगणं चिकटून, मधे छातीएवढी भिंत. मी जानू मढवी, मूळचा करावे गावचा. गावठाणातलं घर भावांना सोडून इकडे आलो, कारण सख्ख्या भावांशी भांडत मरण्यापेक्षा परक्यांत मरणं बरं असं तेव्हा वाटलं होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर मोटारींच्या शेजारी बसून एकतीस वर्षं काढली. स्वभाव तापट. आमची कमळी म्हणते, या माणसाला गार पाणी दिलं तरी वाफ येईल.

जोतीराम साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातले. रबाळ्याच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब करायचा, वाळूत त्याचा ठसा उठवायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. लोखंड गार झालं की आखडतं. म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा थोडा मोठा. मला हे ठाऊक नव्हतं. मी एकदा तीच पट्टी उसनी आणून खिडकीच्या काचेचं माप दिलं आणि काच आली ती चौकटीतून आरपार निघाली. मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांच्या घरच्या, शालनवहिनी, पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

फाउंड्री बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी देणी मागितली, यांनी बँडसॉ मागितला. माणसाच्या उंचीचं ओतीव लोखंडाचं धूड. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून पट्ट्यासारखं फिरणारं दातेरी पातं. मागच्या अंगणावर पत्रा टाकून त्यांनी ते तिथे बसवलं. तेव्हा मी भांडायला गेलो होतो. म्हटलं, इथे गिरणी काढायची असेल तर मी सिडकोत अर्ज टाकीन. मिस्त्रींनी मशीन चालू केलं आणि त्याच्या टेबलावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाणी हललं नाही. मी गुपचूप चहा पिऊन घरी आलो.

त्यांच्यासारखी मशीनची निगा मी कुणाला लेकराची घेताना पाहिली नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की आधी चाकांच्या रबरावरचा भुसा ब्रशनं काढायचे. रबरावर भुशाचा थर बसला की पातं चालता चालता कडेला सरकतं आणि उतरतं. मग वरचं चाक हातानं सावकाश फिरवून पातं मधोमध धावतंय का ते बघायचं. पात्याच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे गाईड असतात, ते पात्याला टेकता कामा नयेत आणि लांबही राहता कामा नयेत. मधे कॅलेंडरच्या कागदाएवढी फट. त्यासाठी गेल्या महिन्याचं पान फाडून त्याची पट्टी खिशात ठेवलेली असायची. शेवटी गुण्या लावून टेबल आणि पातं काटकोनात आहेत का ते बघायचं. एवढं झाल्याशिवाय खटक्याला हात नाही.

आणि संध्याकाळी काम संपलं की वरचं हॅन्डल उलटं फिरवून पात्याचा ताण सैल करायचा. "दिवसभर राबल्यावर पाठ टेकू द्यावी," म्हणायचे. रात्रभर ताणलेलं राहिलं तर पातं थकतं, रबराला खळगे पडतात. त्यामुळे रोज सकाळी ताण नव्यानं द्यावा लागे. किती दिला ते दाखवणारा काटा फाउंड्रीतच मोडलेला होता. मिस्त्री पात्याला बोटानं छेडायचे आणि आवाजावर ठरवायचे. सैल असेल तर भद्द वाजतं, बरोबर असेल तर स्वच्छ सूर निघतो.

पण फाउंड्रीनं त्यांचे कान कधीच खाल्ले होते. जाड आवाज यायचा, बारीक यायचा नाही. कानातलं यंत्र घेतलं होतं, ते शिट्टी मारायचं म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेलं. मग सूर ऐकायचं काम शालनवहिनींचं. त्या स्वयंपाकघरात भाकरी थापत असायच्या, मधलं दार उघडं. इकडे मिस्त्री पातं छेडायचे आणि आतून आवाज यायचा, "आनि जरासं." हॅन्डल अर्धा फेरा. परत छेडायचं. "आनि यक कणभर." परत. "बास!"

बास म्हटल्यावर बास. बाईंना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बाजारात माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवून तडा ओळखणारी बाई, तिला पात्याचं काय अवघड? मी रोज भिंतीपलीकडे दात घासत हे ऐकायचो. तेव्हा मलाही ऐकू यायचं.

गेल्याच्या आधीच्या मार्गशीर्षात शालनवहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं, पाच दिवसांत सगळं आटोपलं. मुलगा धनाजी करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहतो, त्याची बायको सुनयना नोकरी करते. त्यांनी तेरा दिवस सगळं रीतीनं केलं. चौदाव्या दिवशी सकाळी मला पत्र्याखाली हालचाल दिसली. मिस्त्रींनी भुसा झाडला, चाक फिरवलं, कागद लावला, गुण्या लावला. हॅन्डल पिळून पातं छेडलं आणि सवयीनं मान स्वयंपाकघराकडे वळवली.

दार उघडंच होतं. ते तसेच मान वळवून उभे राहिले. किती वेळ ते सांगत नाही, मला बघवलं नाही म्हणून मीच तोंड धुवायला आत गेलो.

बाहेर आलो तर भिंतीशी हाक. "जानूशेठ, जरा या की हिकडं."

आमच्याकडच्या माणसाला सगळे शेठ म्हणतात, खिशात दमडी नसली तरी. मी गेलो.

"आवाज कसा हाय सांगा," म्हणाले आणि पातं छेडलं.

आता माझं ऐका. पंपहाउसच्या मोटारींनी माझ्याही कानांचं वाटोळं केलेलं होतं. उशिरा, पण केलं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. कमळी काही बोलली की मी "हो हो" करायचो. ती ओरडायची, "आयकाला येत नाय ता कबूल करा ना! मी पानी बोलतंय, तुमी मान हलवताव!" मी उलटा तिच्यावरच डाफरायचो की तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. माणसाचे दात पडले तर तो कवळी दाखवत हसतो, पण कान गेले की चोरासारखं वागतो. असं का, ते मला अजून कळलेलं नाही.

तर मिस्त्रींनी पातं छेडलं आणि मला काय ऐकू आलं? काहीच नाही. खोका वाजल्यासारखं काहीतरी. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चौदा दिवसांची दाढी वाढलेली, डोळे माझ्या ओठांवर. त्या माणसाला मी काय सांगू, की मी पण बहिरा आहे?

"आनि जरासं," मी म्हणालो.

त्यांनी अर्धा फेरा दिला. "आनि एक कनभर," मी म्हणालो. आणि मग, "बास!"

शब्द वहिनींचेच, मी फक्त उचलले. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जरा रक्त आल्यासारखं वाटलं. मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या बाजूला लावून एकदा दाबून बघितलं, हॅन्डलला आणखी पाव फेरा दिला आणि मशीन चालू केलं. तो अंगठा दाबणं म्हणजे त्यांची सवय असेल असं मी समजलो. वहिनींच्या वेळी ते तसं करत नसत, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही.

पुढे दहा महिने हेच चाललं. रोज सकाळी मी जायचो, ते छेडायचे, मी त्यांच्या कपाळाच्या आठ्या बघून "बास" म्हणायचो, ते अंगठा दाबायचे. काम निघत होतं. लाटणी, पाट, कुणाचा देव्हारा. मला तर माझ्या कानाचा अभिमान वाटायला लागला होता. कमळीला सांगायचो, "मिस्त्रीचा मशीन माज्या कानावर चालतंय." कमळी म्हणायची, "मंग देव राखो त्याला."

भाद्रपदात एक दिवस धनाजी न सांगता आला. मिस्त्री मशीनवर. त्यानं दारातून चार हाका मारल्या, त्यांना ऐकू गेल्या नाहीत. म्हणून त्यानं जाऊन खांद्यावर हात ठेवला. मिस्त्री दचकले, हात पात्यापासून दोन बोटांवर आला. काही झालं नाही, पण धनाजीनं त्याच मिनिटाला ठरवलं.

"बाबा, बस झालं. मशीन विकायचं. तुमी करंजाड्याला चला. मला ऑफिसात बसून रोज हेच टेन्शन."

मिस्त्री म्हणाले, "तिकडं जाऊन काय करू? लिफ्टनं वर-खाली करू?"

बरीच वादावादी झाली. मी भिंतीपाशी उभा राहून मधे मधे तोंड घालत होतो, अर्थात मिस्त्रींच्या बाजूनं. शेवटी धनाजी म्हणाला, "ठीक आहे. आईच्या वर्षश्राद्धाचा चौरंग करताय ना तुमी? त्याचे पाय मी असताना कापा. मला बघू दे. मला सेफ वाटलं तर राहू दे मशीन, परत विषय काढणार नाही. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे."

पोरगा वाईट नाही हो. त्याच्या जागी मी असतो तर विचारलंही नसतं.

कार्तिकातला एक रविवार ठरला, आणि त्या रविवारावर सगळं होतं. मिस्त्रींचं मशीन, त्यांचं घर, त्यांची सकाळ. ते मला दोनदा म्हणाले, "जानूशेठ, हे मशीन गेलं म्हंजी मी नुस्ता जेवणारा मानूस." चौरंगासाठी त्यांनी सागाचे चार ठोकळे काढले, हाताच्या मनगटापेक्षा जाड. पायांना बाक द्यायचा होता. जाड लाकडाला बारीक पातं चालत नाही, म्हणून नवीन रुंद पातं आणलं. आदल्या दिवशी ते चढवलं, गाईड मागे सारले, कॅलेंडरचं ताजं पान फाडलं. रुंद पात्याला ताण जास्त लागतो. पण किती, ते सांगणारा काटा मोडका आणि सांगणारी बाई नाही.

रविवारी धनाजी सकाळीच आला. हाताची घडी घालून खुर्ची टाकून बसला. मिस्त्रींनी धुतलेला सदरा घातला होता. सगळं रोजच्यासारखं, भुसा, चाक, कागद, गुण्या. मग पातं छेडलं.

"आवाज कसा हाय, जानूशेठ?"

मी म्हणालो, "आनि जरासं."

त्यांनी फिरवलं. छेडलं. धनाजी माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "काका, तुमाला कळतं यातलं?"

हा प्रश्न माझ्या नाकाला झोंबला. मी छाती काढून म्हणालो, "अरे, दहा म्हैने मीच ऐकतंय! मिस्त्रीला विचार." आणि पात्याकडे बघून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणालो, "बास! एक नंबर लागलाय. वहिनी असती तर तिनी पन हेच सांगितलं असतं."

असं बोललो मी. वहिनींचं नाव घेऊन.

मिस्त्रींचा डावा अंगठा वर आला होता, पात्याजवळ गेला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे. आणि हात खाली घेतला. खटका दाबला.

पहिला पाय झाला. दुसरा झाला. धनाजीनं हाताची घडी सोडली, मोबाइल काढून फोटो काढला. मी त्याला डोळा मारला. तिसराही निघाला, पण त्याचा बाक जरा वेडावाकडा आला. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून बघितला, कपाळाला आठी पडली. त्या वेळी थांबले असते, तर कदाचित. पण मुलगा समोर बसलेला. त्यांनी चौथा ठोकळा लावला. वळणावर सैल पातं लाकडात वाकलं, मुरडलं, ठोकळ्याला हिसका बसला आणि त्याच्याबरोबर डावा हात आत ओढला गेला. मला काही ऐकू आलं नाही. मी फक्त बघितलं की मिस्त्री दुसऱ्या हातानं खटका बंद करतायत, आणि धुतलेला सदरा लाल होतोय.

डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, दुसऱ्या पेरापासून गेली. हॉस्पिटलमध्ये धनाजी माझे हात धरून रडला. "काका, तुमी होता म्हणून बरं झालं," म्हणाला. मी गप्प बसलो. डॉक्टरनं विचारलं कसं झालं, धनाजीनं सांगितलं, वय झालं, लक्ष गेलं असेल. मी तेव्हाही गप्प बसलो. माझा तापट स्वभाव कुठे गेला होता कोण जाणे.

आठवड्यात मशीन गेलं. वर्षश्राद्ध करंजाड्याला झालं, पान विकतच्या चौरंगावर वाढलं. मिस्त्री त्यानंतर हट्टानं नेरूळला परत आले खरे, पण पत्र्याखाली जात नव्हते. सकाळी पुढच्या पायरीवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचे. मी त्यांच्यासमोरून जायचं टाळत होतो. दूध आणायला मागच्या गल्लीनं जायचो. कमळीला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "जाऊन सांगा त्याला. मेल्यावर सांगनार काय?"

आज सकाळी धनाजी त्यांना कायमचं न्यायला येणार होता. घर भाड्यानं देणार आहेत. आज नाही तर कधीच नाही, म्हणून मी गेलो. मिस्त्री पायरीवर बसले होते, शेजारी एक बॅग आणि एक पिशवी. पिशवीतून चौरंगाचे तीन पाय डोकावत होते.

मी शेजारी बसलो. म्हणालो, "मिस्त्री, मना त्या दिवशी आयकाला आलं नव्हतं."

त्यांनी हात कानाशी नेला. "आं?"

"मना आयकाला येत नाय!"

"मोठ्यानं बोला!"

मग मी ओरडलो. काय करणार? पायरीवर बसून, भाजीवाला समोर थांबलेला असताना, दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडलो, की मिस्त्री, मी बहिरा आहे, दहा महिने खोटं बोललो, तुमची बोटं माझ्यामुळे गेली. भाजीवाल्यानं आमच्याकडे बघितलं आणि गाडी पुढे ढकलली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मिस्त्रींना ते ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली.

"म्हाईत हाय की," म्हणाले.

मला वाटलं माझ्या कानांनी परत दगा दिला. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"पयल्याच दिशी कळलं हुतं. तुमी बास म्हनला तवा पातं अजून सैल हुतं. म्हनून तर अंगठा लावत हुतो रोज. अंगठ्याला समदं कळतंय."

"मग मना विचारायचं कशाला?" मी म्हणालो. "रोज बोलवायचं कशाला?"

"इचारल्याबिगर खटका दाबायची सवं न्हाई मला. तीस वर्सं तिला इचारून दाबला. कुनाला तरी इचारावं लागतंय."

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तरी विचारला. "त्या दिवशी अंगठा का नाय लावला?"

"तुमी बास म्हनला हुता," ते म्हणाले. "पोराम्होरं. त्यावर मी अंगठा लावायचा, म्हंजी तुमचा शबूद खाली पाडायचा. तसं कसं करनार, जानूशेठ?"

एवढं बोलून त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. दोन बोटांची खुंटं आणि त्यांच्या शेजारी तो अंगठा, धडधाकट.

धनाजीची गाडी आली. त्यानं बॅग डिकीत टाकली, पिशवी मिस्त्रींनी मांडीवरच घेतली. काच खाली करून ते मला काहीतरी म्हणाले. मला ते स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणाले, "सकाळी येत जावा."

धनाजीनं आत बसून चावी फिरवता फिरवता मला विचारलं, "काका, काय म्हणाले बाबा?"

मी म्हणालो, "मना आयकाला येत नाय रे, बाबा. बहिरा झालोय मी."

तो हसला, आणि गाडी गेली.